सहीपुरता पुरावा

बाबांच्या पोटात पहाटे कळ आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून आदल्या दिवशीच्या जेवणाला दोष दिला. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरून आम्ही पाहुण्यांसकट गावी परतलो होतो. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. खाटा पाहुण्यांना गेल्या आणि बाबा पडवीत खाली सतरंजी टाकून झोपले. सकाळी पाहुणे पहिल्या बसने निघून गेले, आणि बाबा पोट धरून भिंतीला टेकून बसले.

बाबा म्हणजे देवराव गुरुजी. मुलचेरा तालुक्यात त्यांना न ओळखणारा माणूस सापडणं कठीण, कारण अर्ध्या तालुक्याला त्यांनी शिकवलंय आणि उरलेल्या अर्ध्याशी त्यांचं भांडण झालंय. कुणा बाईच्या अंगात आलं की तिच्यासमोर जाऊन बसायचं आणि "आता सिद्ध करून दाखवा" म्हणायचं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. मी त्यांचीच मुलगी, संघप्रिया. गडचिरोलीच्या न्यायालयात आरोपींची वकिली करते. समोरच्या साक्षीदाराला घाम फोडणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि ते मला मनापासून आवडतं.

आई अंगणातल्या कडुनिंबाची डहाळी तोडून घेऊन आली. आमच्या भागात खाली झोपलेल्या माणसाला सकाळी काही झालं की आधी निंबाचं पान चावायला देतात. पान कडू लागलं तर काही नाही. बेचव लागलं तर साप डसला समजायचं आणि पळायचं.

"पान चावून पाहा," आई म्हणाली.

"अवं, साप कुठी दिसला तुले?" बाबा कळवळत होते तरी वाद सोडत नव्हते. "कुठी डसला? दाखव खूण."

त्यांनी स्वतःच धोतर वर करून दोन्ही पाय दाखवले, हात दाखवले. मीही वाकून पाहिलं. मच्छर चावल्याइतकीसुद्धा खूण नव्हती. आईने तरी पान तोंडापुढे धरलंच. माझी आई, बायनाबाई, कुणाला हार जाणारी बाई नाही. बाबांनी पान चावलं आणि तोंड वाकडं केलं.

"कडू आहे. झालं समाधान?"

आईचं झालं. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं. तिचा विश्वास पानावर, त्यांचा खुणेवर, आणि दोघांचा निकाल एकच: साप नाही. मी लिंबू-सोडा करून दिला आणि आत जाऊन फोन बघत बसले. त्या बसण्याचा मला अजून राग येतो.

चहा झाला तेव्हा बाबांना तो गिळता येईना. चहा ओठांवरून सदऱ्यावर ओघळला. मी म्हटलं, "बाबा, झोप येतेय का?" कारण त्यांच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. ते काहीतरी बोलले. जीभ जड झाली होती. त्यांनी पापण्या वर करायला कपाळाला आठ्या घातल्या, आणि आठ्या पडल्या, पापण्या हलल्या नाहीत. मी शेजारच्या घराकडे तोंड करून ओरडले, "काका, गाडी काढा!"

गुणवंतकाका, बाबांचे धाकटे भाऊ, बनियनवरच गाडी घेऊन आले.

आरोग्य केंद्रात डॉक्टर करिश्मा होत्या. आलापल्लीकडच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, वर्षभरापूर्वी रुजू झालेल्या. त्यांनी बाबांना दोनच गोष्टी विचारल्या, खाली झोपले होते का आणि पोट दुखलं का. मग डोळ्यांसमोर बोट धरून वर बघायला सांगितलं. बाबांची नजर बोटामागे गेली नाही.

"मण्यार," डॉक्टर म्हणाल्या. "सिस्टर, सापाचं औषध काढा. सगळं काढा."

बाबांनी हात वर केला. वर्गात पोराला थांबवायला करत तसा. "पाह्यला... का... तुमी?"

"नाई पाह्यला, गुरुजी."

"खूण?"

"मण्यारीचे दात बारीक. खूण बऱ्याचदा दिसतच नाई. माणूस झोपेतून उठत पण नाई."

"मंग... कायच्यावरून?"

"तुमच्या पापणीवरून," त्या म्हणाल्या आणि सलाईन लावायला वाकल्या.

आता वकिलीण गप्प बसेल होय? मी विचारलं, "आणि तुमचं चुकलं तर?"

"औषधाची रिअ‍ॅक्शन येऊ शकते. जीवावरची पण येऊ शकते. त्याची तयारी मी करून ठेवली आहे, ताई." त्यांनी ट्रेकडे बोट दाखवलं. "पण साप असला अन् औषध देलं नाई, त मंग माझ्याजवळ कायचीच तयारी नाई. खात्री होईपर्यंत थांबता येत नाई ह्याच्यात."

साक्षीदार नाही, हत्यार नाही, जखम नाही. असा खटला मी पहिल्याच तारखेला उडवला असता. मी संमतीच्या कागदावर सही केली.

औषध चढलं. रिअ‍ॅक्शन आली नाही, पण विष आत पोचलेलंच होतं. थोड्या वेळाने बाबांची मान एका बाजूला कलंडली, छाती उचलेनाशी झाली. डॉक्टरांनी घशातून नळी घातली, तिला रबरी पिशवी जोडली आणि हाताने दाबायला सुरुवात केली. पिशवी दाबली की बाबांची छाती वर यायची, सोडली की खाली जायची.

"श्वास देणारी मशीन गडचिरोलीला आहे. तिथपर्यंत हाताने द्यायचा." डॉक्टर भराभर बोलत होत्या. "मी येऊ शकत नाई. आत बाळंतपण अडलं आहे, पोर पायाळू आहे. निशा सिस्टर येते तुमच्यासोबत." मग त्यांनी माझा दंड धरला. चांगला जोरात धरला. "ऐका. हे विष सगळं बंद पाडते. पापणी, बोट, बुबुळ, सगळं. माणूस मेल्यावाणी दिसते. डोळे पाहून काई ठरवू नका. नाडी लागते तोवर पिशवी थांबवायची नाई. कोणी काईही म्हणू द्या."

मी मान हलवली. ऐकलं होतं, समजलं होतं असं म्हणता येणार नाही.

रुग्णवाहिका कुलदीप चालवत होता. त्याच्या शेजारी काका. मागे बाबा, त्यांच्या डोक्याशी निशा सिस्टर आणि मी, पायांशी आई. तिने बाबांची दोन्ही पावलं मांडीवर घेतली होती आणि पदरात गुंडाळली होती. निशाने मला पिशवी धरायला शिकवली. "मोजू नका, ताई, मोजण्यात गडबड होते. तुमी श्वास घेतला का दाबा. तुमी सोडला का सोडा." मी श्वास घेत होते आणि बाबांना देत होते. आमचं कधी इतकं जमलं नव्हतं.

आष्टीच्या अलीकडे गाडी थांबली. पुढे खनिजाचे ट्रक, लाल धुळीने माखलेले, नजर जाईल तिथपर्यंत उभे होते. कुठल्या तरी खड्ड्यात एकाचा अ‍ॅक्सल तुटला होता. कुलदीपने सायरन चालूच ठेवला. त्याचा काय उपयोग? ट्रक काय हवेत उडणार होते?

मी बाबांकडे पाहिलं. पापण्या किंचित उघड्या होत्या. निशाने पापणी वर केली, टॉर्च मारला, आणि माझ्याकडे न पाहता टॉर्च खिशात ठेवला. मीही पाहिलं होतं. बुबुळं मोठी, काळी, उजेडाला न हलणारी. तसे डोळे मी खटल्यांच्या कागदांत पाहिले आहेत, शवविच्छेदनाच्या फोटोंमध्ये.

काकांनी मधल्या खिडकीतून पाहिलं आणि ते खाली उतरून पळाले. रस्त्याच्या कडेला दवाखान्याची पाटी होती. तिथून ते एका डॉक्टरांना घेऊन आले. पन्नाशीचे, चष्मा लावलेले, चांगले गृहस्थ. त्यांनी टॉर्च मारला, नखावर पेन दाबलं, पाय ठोकून पाहिला, नाडी पाहिली. मग चष्मा काढला.

"ताई, यांच्यात आता काही राहिलं नाही. मेंदू गेलाय. हृदय थोडा वेळ चालतं, ते थांबेल. उगाच हाल करू नका यांचे."

काकांच्या तोंडातून एक आवाज आला. तो मला लिहिता येणार नाही. मग ते आईकडे वळले. "वहिनी, चला घरी. दादाले असं रस्त्यावर नका ठेवू. ट्रकच्या धुळीत जावं का त्यानं? नळी काढा, घरी नेऊ, लोकं येतीन, बुद्धवंदना घेऊ. त्याचे हाल काऊन करता?"

आईने पावलांभोवतीचा पदर आणखी घट्ट केला.

"मी नाई थांबवत," निशा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "मॅडमनं सांगतलं आहे." तिने फोन लावला. रेंज नव्हती. पुन्हा लावला. नव्हतीच.

कुलदीपने वळून विचारलं, "ताई, सांगा लवकर. मागं जागा आहे अजून, वळवता येते. एखादा ट्रक मागून लागला त तेही नाई होणार. कुठी घेऊ?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी श्वास घेत होते आणि पिशवी दाबत होते. खरं सांगते, मला त्या डॉक्टरांचं पटलं होतं. करिश्मा डॉक्टरांचे शब्द आठवत होते, पण ते तासाभरापूर्वीचे शब्द होते, आणि हे डोळे समोर होते. काका रडत होते. बाबांवर सगळ्यात जास्त प्रेम त्यांनी केलं होतं, कदाचित माझ्याहूनही जास्त. मला वाटलं, थांबावं. एवढंच करायचं होतं, हात सैल सोडायचा.

आणि मग मला राग आला. कशाचा आला माहीत नाही. त्या गृहस्थांच्या शांत आवाजाचा असेल. माझं तोंड सवयीने सुटलं.

"डॉक्टर, हे गेले असं तुम्ही म्हणता."

"दुर्दैवाने, हो."

"किती खात्री आहे?"

"ताई, ही वेळ आहे का—"

"किती खात्री आहे?"

"नव्व्याण्णव टक्के."

"मग लिहून द्या. देवराव गुरुजी मृत. वेळ घाला, खाली तुमचं नाव आणि सही. तुम्ही सही केली की मी हात काढते."

त्यांनी चष्मा परत लावला. "तसं लिहिता येत नाही. नाडी चालू आहे."

"नाडी चालू आहे म्हणून लिहिता येत नाही. आणि नाडी चालू असताना नळी काढून घरी न्या, असं सांगता येतं?"

"मी अनुभवाने सांगितलं."

"मण्यार डसलेला माणूस या अनुभवात किती वेळा आला?"

"साप चावलेले सरकारी दवाखान्यात जातात. माझ्याकडे येत नाहीत," ते म्हणाले. प्रामाणिक होते, एवढं मला मान्य करावं लागेल.

"म्हणजे बोलायला पुरेल एवढा पुरावा तुमच्याकडे आहे, सही करायला पुरेल एवढा नाही. माझ्या बापाचा श्वास मी तुमच्या बोलण्यावर थांबवू?"

"हे तुझं कोर्ट नाई, संघू!" काका गाडीचा दरवाजा धरून ओरडले. "तो माझा भाऊ आहे! तू कशावरून म्हणतेस का तो जिता आहे? दाखव मले! एक बोट हलवून दाखव त्याचं!"

"मी म्हणतच नाही ते जिवंत आहेत म्हणून!" मीही ओरडले. ट्रकवाले खाली उतरून पाहत होते. "मला माहीत नाही! गेले असं तुम्ही म्हणताय, काका, तर सिद्ध तुम्ही करा. पक्कं करा. माझ्या मनात तीळभर शंका राहिली तरी मी हात काढणार नाही. त्यांनी काही सिद्ध करायची गरज नाही. त्यांनी फक्त पडून राहायचं!"

चोराला, दरोडेखोराला, खुन्याला मी ही सवलत मिळवून दिली आहे. संशयाचा फायदा. फी घेऊन मिळवून दिली आहे. त्या गाडीत पहिल्यांदा मला त्याचा अर्थ हातात लागला, आणि तो रबराचा होता, घामाने निसटत होता.

"गरम आहेत," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"पाय गरम आहेत याहिचे."

"वहिनी, मेल्यावरही माणूस—"

"गरम आहेत म्हटलं ना मी, गुणवंतभाऊ." तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "कुलदीप, पुढं चाल बापू. उडव नाईतर काईही कर."

कुलदीप खाली उतरला. ट्रकवाल्यांशी तो हिंदीत, मराठीत आणि थोडं तेलुगूत काय बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही. चार-पाच जणांनी मिळून शेताच्या कुंपणाच्या काट्या बाजूला फेकल्या, आणि त्याने गाडी रस्त्याखाली उतरवून धानाच्या बांधावरून नेली. गाडी अशी हलत होती की निशा नळी दोन्ही हातांनी धरून बसली होती. मी पिशवी दाबत होते. एका धक्क्याने ती हातातून सुटली, परत धरली. बोटं वळेनाशी झाली. निशाचे हात नळीवर, आईचे पायांवर.

काका पुढे चढलेच नव्हते. ते मागेच, माझ्या बाजूला, गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी माझी बोटं पाहिली.

"दे इकडे," ते म्हणाले.

"काका, तुम्हाला वाटतंय ना की—"

"मले वाटून राह्यलं का तो गेला." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसत नव्हते. "तरी दे."

आणि त्यांनी पिशवी घेतली. चामोर्शी मागे पडलं, तरी ते मेलेल्या भावाला श्वास देत होते. मला त्यांच्यापुढे स्वतःची जरा लाज वाटली, कारण माझी आशा अजून थोडी शिल्लक होती आणि त्यांची मुळीच नव्हती.

गडचिरोलीला डॉक्टरांनी बाबांना मशीनवर घेतलं. त्यांनीही टॉर्च मारला, तेच काळे डोळे पाहिले. "मण्यार ना?" त्यांनी विचारलं. "मग वाट पाहायची." याहून जास्त ते काही बोलले नाहीत. नंतर करिश्मा डॉक्टरांचा फोन आला. पायाळू पोर सुखरूप होतं. बाबांबद्दल विचारलं तर मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "माहीत नाई हे चांगलं आहे, ताई. तसंच राहू द्या."

माहीत नसण्यात दिवस काढणं फार कठीण असतं. गावात बाबा गेल्याची बातमी पोचली होती, पाहुण्यांचे फोन येत होते. प्रत्येकाला मी "अजून काही नाही" सांगत होते आणि प्रत्येक जण ते "गेले" असंच ऐकत होता. आईला आत सोडायचे तेव्हा ती पायांशी बसायची. एका दुपारी ती बाहेर आली आणि म्हणाली, "अंगठा हलला." तिथली सिस्टर म्हणाली, भास असेल. डॉक्टरांनी पाहिलं. भास नव्हता.

मग पापण्या आल्या. मग हात. मग नळी निघाली.

बाबांचा आवाज घोगरा झाला होता, कान तोंडाजवळ न्यावा लागत होता. काका पलंगाच्या त्या बाजूला मान खाली घालून उभे होते. बाबांनी त्यांना जवळ बोलावलं आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला खूण केली.

"मी सगळं ऐकून राह्यलो होतो," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. "कधी बाबा?"

"गाडीत. तो डॉक्टर आला, नखावर पेन दाबला त्यानं. लय दुखलं." ते थांबले, दम घेतला. "गुणवंत म्हणे, बोट हलवून दाखव. मी हलवून राह्यलो होतो ना! सगळा जीव त्या बोटात आणला. ओरडून राह्यलो होतो आतून, का जिता आहो, जिता आहो. कोणालेच काई दिसत नोतं. माह्याजवळ होता सगळा पुरावा, संघू. दाखवाले काहीच नोतं."

काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. तीच बुबुळं, आता उजेडाला बारीक झालेली.

"एक सांग. तुले खात्री होती ना?"

हो म्हणायला काय लागत होतं? आजारी बापाला एवढं सुख कुठलीही मुलगी देईल. पण त्यांनी सगळं ऐकलं होतं, माझा श्वास अडखळलेलासुद्धा ऐकला असेल.

"नाही बाबा," मी म्हणाले. "नव्हती. मला वाटलं होतं तुम्ही गेलात."

त्यांनी माझा हात शोधला आणि धरला. पकडीत ताकद नव्हती, पण सोडत नव्हते. मग देवराव गुरुजी, ज्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, रडायला लागले.